वाहक, वय एक्कावन्न

उमरखेड
४ डिसेंबर २०२३

तीर्थरूप बाबांना,
समीक्षाचा सविनय जयभीम.

पाकीट पाहून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे मी इकडून ओरडायचं आणि तुम्ही तिकडून हॅलो हॅलो करत राहायचं. एकतीस वर्षं एसटीच्या घरघराटात तिकिटं फाडून तुमचे कान गेले, आणि यंत्र लावा म्हटलं की तुम्हाला राग येतो. मग फोन आई घेते, आणि आईला सांगितलेलं संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला कळतं. म्हणून पत्र. दिग्रसच्या गाडीवर आज प्रभावतीताई आहेत, त्यांच्या हाती देते. तुम्ही शिकवून तयार केलेली कंडक्टर आहे, पाकीट हरवणार नाही.

आजोबा होणार ही बातमी आईनं दिलीच असेल. आठवा आठवडा संपत आला आहे. सकाळी शाळेत हजेरी घेताना मळमळतं, एवढं सोडलं तर तब्येत बरी आहे. संघदीप दुकानातून घरी येताना रोज पेरू आणतात. मोटारी रिवाइंड करणाऱ्या माणसाच्या हाताचा वास त्या पेरूंना येतो, पण मी बोलत नाही.

काम एवढंच, की इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरांनी विचारलं, माहेरी कोणाला सिकलसेल आहे का. मी नाही म्हणाले. त्यांनी माझ्याकडे जरा पाहिलं आणि म्हणाल्या, आपल्या भागात असं पटकन नाही म्हणत जाऊ नको, घरी विचारून ये. मला आठवलं, मी दहावीत असताना तुमच्या आगारात रक्ततपासणीचं शिबिर झालं होतं आणि तुम्ही एक कार्ड मिरवत आणलं होतं. ते शोधून त्यावर काय लिहिलं आहे ते कळवाल का? घाई नाही.

आईला साष्टांग. लोभ आहे तसाच ठेवा, त्यात नातवंडाची भर पडू द्या.

आपली
समीक्षा


दिग्रस
७ डिसेंबर २०२३

चि. समीक्षास,
बाबाचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

काल सहा डिसेंबर, दिवसभर विहारात होतो, म्हणून एक दिवस उशीर झाला. प्रभावतीनं स्टँडवर पाकीट हातात देल्लं आन् म्हणे, दादा, जड हाय, चांगली बातमी असन. मी म्हणलो, पोरगी मास्तरीण हाय, कागदाले दोन्हीकडून समास सोडते, म्हणून जड झालं.

कार्ड सापडलं. पत्र्याच्या पेटीत, माह्या बिल्ल्याच्या खाली. पिवळ्या रंगाचं हाय. माहं नाव, वय एक्कावन्न, आन् त्याच्याखाली जाड अक्षरात वाहक. बस. आजाराचं एक अक्षर नाई. मले त्या दिवशी लय बरं वाटलतं, काहून की सरकारी माणसानं पह्यल्यांदा माह्या नोकरीचं नाव बरोबर लिहलं. नाईतर लोक कंडक्टर, मास्तर, ओ तिकीट, काय वाट्टेल ते म्हणते.

धनसिंग ड्रायव्हर आठवते ना तुले, मिशीवाला? तो लय नाराज झालता. त्याच्या कार्डावर चालक पाह्यजे होतं, त्याईनं लिहलं सामान्य. कार्डबी पांढरं. तो टेबलापाशी जाऊन भांडला, की अठरा वर्षं स्टेअरिंग धरून राह्यलो आन् मी सामान्य कसा. आम्ही त्याले रिटायर होईपर्यंत सामान्य म्हणूनच हाका मारल्या. अजूकबी भेटला की चिडते.

त्या शिबिरातल्या बाईनं आम्हा तिघा-चौघाले गुरुवारी परत या म्हणून सांगतलं होतं. पण माही पुसदची ड्युटी होती आन् गाडी फलाटावर लागलती. मंग राहून गेलं. कायले बोलावलं होतं कोणास ठाऊक, फोटो-बिटो लावाचा असन.

तवा तू बिनघोर राह्य. आपल्या घरात काई नाई. पाण्याची घागर उचलू नको, जावयाले उचलाले सांग. त्याच्या पेरूले नावं ठेवू नको.

तुह्यावरचा लोभ आगारात जमा कराचा नसते, तो माह्यापाशीच हाय.

तुहा बाबा
धर्मपाल


उमरखेड
१२ डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

तुमचं पत्र वाचून मी आधी खूप हसले. धनसिंगकाकांचा किस्सा इतका आवडला, की दुसऱ्या दिवशी पत्र दवाखान्यात नेलं आणि सिस्टरांना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, ती ओळ पुन्हा वाचली आणि लगेच माझं रक्त काढलं.

बाबा, नीट वाचा. ते तुमच्या नोकरीचं नाव नव्हतं. सिकलसेलचा दोष ज्याच्या रक्तात अर्धा असतो, ज्याला स्वतःला त्रास होत नाही पण जो तो पुढच्या पिढीत नेतो, त्याला वाहक म्हणतात. त्यांना पिवळं कार्ड देतात. ज्याच्या रक्तात काहीच नाही तो सामान्य, त्याला पांढरं. धनसिंगकाका जिंकले होते आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना चिडवलं.

आज माझा पूर्ण रिपोर्ट आला. मीही वाहक आहे. मला पिवळं कार्ड मिळालं. मी तर शाळेत शिकवते, त्यामुळे माझी काही गफलत झाली नाही.

आता खरी गोष्ट. संघदीपच्या रक्तात काही नसेल तर बाळाला भीती नाही. पण तेही वाहक निघाले तर चारात एक वेळा बाळाला दोघांकडचं अर्धं अर्धं मिळून पूर्ण आजार येतो. मग तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात आणि लेकरू कळांनी लोळतं. बाळाला आहे की नाही हे पोटात असताना तपासता येतं, पण त्याला नागपूरला जावं लागतं, आणि बाराव्या आठवड्याच्या आसपास. माझा नववा संपत आला आहे. संघदीपना तपासा म्हटलं तर ते उठून दुकानात निघून गेले, आणि सासूबाई म्हणाल्या की त्यांच्या घराण्यात असलं काही नाही, पोराच्या रक्तात खोट काढायची गरज नाही.

सिस्टरांनी अजून एक विचारलं. घरात कोणी लहानपणी गेलं का. मी म्हणाले, माझा मोठा भाऊ राजदीप, मी अडीच वर्षांची असताना. कशानं, तर मला माहीत नाही. आपल्या घरात त्याच्याबद्दल कोणी बोलतच नाही. बाबा, दादा कशानं गेला?

आईला यातलं काही बोलू नका. लोभ ठेवा, आणि या वेळी उत्तर लवकर द्या.

आपली
समीक्षा


दिग्रस
१४ डिसेंबर २०२३

चि. समीक्षास, आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाई. तुह्या आईनं विचारलं काय झालं, मी म्हणलो पोट बिघडलं.

राजदीप एक्याण्णवचा. वर्षाचा असताना त्याच्या हातापायाची बोटं सुजली, डॉक्टर म्हणे वात हाय. मंग दर हिवाळ्यात कळा. डोळे पिवळे राहेत, तर कावीळ म्हणून झाडपाला झाला. शाळेत जातानी मधातच बसून जाये, पाय दुखते म्हणे. मी त्याले एकदा बहाणे करते म्हणून चापट मारली आन् तसाच चालवत नेला. हे मी कोणाले सांगतलं नाई, आज तुले सांगून राह्यलो.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत तुह्या मामाचं लग्न होतं आर्णीले. मी ड्युटीवर होतो. तुही आई दोन्ही पोट्ट्यांले घेऊन गेली. वरात पहाटेच्या थंडीत उघड्या ट्रकात गेली. दुसऱ्या दिवशी राजदीपले कळा सुरू झाल्या, मंग ताप, मंग दम. तिसऱ्या दिवशी गेला. साडेसहा वर्षाचा होता.

मी तुह्या आईले एकदाच बोललो. पोराले थंडीत नेऊन तूच मारलं, असं बोललो. परत कधी बोललो नाई, पण त्याच्यानंतर तिले माहेरी जाऊ देल्लं नाई. तुह्या मामाचं तोंड पाह्यलं नाई. सव्वीस वर्षं होतीन आता. तू लहानपणी विचारे, आपण मामाच्या गावाले काहून जात नाई, तवा मी गाडीले सुट्टी नाई म्हणो.

आता तू म्हणतं अर्धं माह्याकडून गेलं. मी ते मानत नाई असं नाई. पण मले एक सांग. माणसाच्या रक्तात अशी खोट राह्यतेच काहून? जे लेकराले मारते ते तर त्या लेकरासंगच संपाले पाह्यजे. हजारो वर्षं झाले तरी टिकलं कसं? आन् ते आपल्याच लोकाइत जास्त काहून? आमच्या रक्ताले लोकाइनं काय कमी नावं ठेवली, की आता कार्डावर छापून देल्लं? नशीब-बिशीब मले सांगू नको. मी विहारात बसणारा माणूस हाय, मले कारण पाह्यजे.

जावयाचं रक्त काढलं का ते कळव. रागानं लिहलं असन तर तो राग तुह्यावर नाई.

बाबा


उमरखेड
१८ डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

दादाला मारलेल्या चापटीचं वाचलं आणि शाळेच्या स्टाफरूममध्ये रडले. नंतर विचार केला, वाताचा त्रास आहे असं डॉक्टरच सांगत असतील तर तुम्ही तरी काय करणार होतात. पण आईला जे बोललात त्याला हे लागू होत नाही, बाबा. ते तुम्ही बोलायला नको होतं.

तुमचा प्रश्न मी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना जसाच्या तसा विचारला. त्यांना तो आवडला. रुग्ण विचारतात बरं कधी होणार, टिकलं कसं असं कोणी विचारत नाही, म्हणाल्या. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून सांगितलं ते असं.

आपल्याकडे जंगल, नाले आणि डास. म्हणजे हिवताप. पूर्वी औषध नव्हतं, लहान लेकरं हिवतापानं पटापट जायची. हिवतापाचा जंतू तांबड्या पेशीत शिरून वाढतो. ज्याच्या रक्तात हा विळ्याचा दोष अर्धा आहे, त्याच्या पेशीत त्या जंतूला नीट वाढता येत नाही. अशा लेकराला ताप यायचा, पण बहुतेक वेळा ते वाचायचं. म्हणजे ज्यांच्यात दोष नव्हता त्यांतली बरीच हिवतापानं गेली, ज्यांच्यात पूर्ण होता ती सिकलसेलनं गेली, आणि अर्धा असलेली जास्त जगली, मोठी झाली, त्यांना लेकरं झाली. शेकडो पिढ्या असंच चाललं. कोणी ठरवून केलं नाही. म्हणून ती खोट रक्तात टिकली. मॅडम म्हणाल्या खोट म्हणू नका, एकेकाळचं ते चिलखत होतं. आता औषधं आहेत, फवारणी आहे, हिवतापानं कोणी सहसा मरत नाही. पण रक्ताला ही बातमी अजून कळलेली नाही.

आणि आपल्याच लोकांत का, तर तसं नाही. आदिवासींत आहे, इतरही जातींत आहे, आफ्रिकेत आहे, अरबांत आहे, जिथं जिथं हिवताप होता तिथं आहे. ज्यांना जंगलाकडेला आणि नाल्याकाठी राहावं लागलं त्यांच्यात जास्त. आपली वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला होती ते तुम्हाला मी सांगायला नको. यात रक्ताचा कमीपणा नाही, राहत्या जागेचा हिशेब आहे.

मामाच्या लग्नातल्या दादाच्या त्या प्रवासाबद्दलही विचारलं. थंडीनं कळ उठते, हे खरं आहे, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण त्या ट्रकमध्ये गावची किती लेकरं असतील? सगळी घरी परत आली. दादा आजारी होता तो थंडीनं नाही. अर्धं तुमच्याकडून आणि अर्धं आईकडून, दोघांना माहीत नसताना.

आता माझं. दहावा आठवडा संपला. संघदीप तपासणीला तयार नाहीत. सकाळी दुकानात जातात, जेवायला येत नाहीत. काल मी फारच मागे लागले तेव्हा म्हणाले, माझ्यात निघालं तर आई तुला नाही, मला पाहून रडेल, आणि मग तूही तशीच पाहशील. आठ दिवसांत त्यांचं रक्त गेलं नाही तर नागपूरची वेळ निघून जाईल. मला रात्रंदिवस तेच दिसतं, पिवळ्या डोळ्यांचं लेकरू. ते दादासारखं दिसतं, आणि दादाचा तर मी एकच फोटो पाहिला आहे.

मला काय करावं कळत नाही, बाबा. लोभ असू द्या.

समीक्षा


दिग्रस
२० डिसेंबर २०२३

चि. समीक्षास, आशीर्वाद.

तुह्या मॅडमची गोठ वाचून मी दोन दिवस आजीच्या आठवणीत होतो. माही आजी म्हणे, तिले नऊ लेकरं झाले, सहा हिवतापात गेले. थरथर कापे आन् तिसऱ्या-चौथ्या दिवशी खेळ खलास. तीन वाचले, त्यातला एक माहा बाप. लोक म्हणे, हे तीन कोणत्या मातीचे हाय, यायले ताप येते आन् उतरते. मीबी तेच समजे, की माहा बाप मजबूत. आता कळलं मजबुती काय होती. जे अर्धं माह्या बापाले वाचवून गेलं, त्याच्याच जोरावर मी जलमलो, तू जलमली. आन् त्याच्याचपायी राजदीप गेला. हे डोक्यात बसते, पण छातीत बसत नाई.

मी ते माह्या पद्धतीनं लावलं. मायबापाकडून लेकराले एकेक तिकीट भेटते. एकाकडून विळ्याचं आलं तर हाफ तिकीट, गाडीत बसता येते, कोणी उतरवत नाई. दोघाइकडून आलं तर फुल. राजदीपले फुल तिकीट भेटलं. अर्धं मी फाडून देल्लं होतं, आन् भांडण एकट्या तुह्या आईशी, मथुरेशी केलं.

उद्या मी सकाळच्या गाडीनं उमरखेडले येऊन राह्यलो. तुह्या घरी येणार नाई. कोणाले सांगू नको.

बाबा


उमरखेड
३० डिसेंबर २०२३

ती. बाबांना,
सविनय जयभीम.

घरी न येता गेलात त्याचा राग मी पुढच्या भेटीत काढेन. संघदीपनी सगळं सांगितलं. तुम्ही दुकानात स्टुलावर येऊन बसलात. त्यांना वाटलं तुम्ही मला न्यायला आलात. मग तुम्ही खिशातून पिवळं कार्ड काढून त्यांच्यासमोर ठेवलं, धनसिंगकाकांचा किस्सा सांगितला, ते हसले, आणि हसता हसता तुम्ही दादाचं सांगितलं. शेवटी म्हणालात, की माझ्या कार्डाचा अर्थ मला बारा वर्षं कळला नाही, तुमच्या रक्ताचा अर्थ तुम्ही वेळेत लावा. त्यांनी शटर ओढलं आणि दोघं दवाखान्यात गेलात. तुम्ही आधी स्वतःची बाही वर केली म्हणे. त्यांची तपासणी आणि तुमची भर. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी चहा केला नाही, पण दुसऱ्या दिवशी माझ्या पोळीवर तूप जास्त होतं.

रिपोर्ट सव्वीसला आला. संघदीपही वाहक आहेत.

ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि मी त्यांच्याकडे कशी पाहते ते पाहत होते. मी म्हणाले, हात धुऊन या, पेरू कापा. 

काल नागपूरला जाऊन आलो. पोटात सुई घालून बारीकसा नमुना घेतला. दुखलं त्यापेक्षा भीती जास्त वाटली. दोन आठवड्यांत कळेल. मुलगा की मुलगी हे सांगत नाहीत आणि आम्ही विचारलंही नाही. काय लिहून आलं तर काय करायचं, यावर परतीच्या गाडीत आम्ही यवतमाळपर्यंत बोललो. संघदीप म्हणतात, पूर्ण आजार निघाला तर त्या जिवाला आणायचं नाही. डॉक्टर म्हणाल्या, आता रोजच्या गोळ्या आहेत, अशी मुलं शिकतात, मोठी होतात, पण कळा कोणाच्या किती असतील ते आधी सांगता येत नाही. मी काहीच ठरवू शकत नाही. एका क्षणी वाटतं दादासारखं नको, आणि दुसऱ्या क्षणी वाटतं दादाच आहे.

एक काम मात्र तुमचं आहे, माझं नाही. आईला सांगा. दादा तिच्यामुळे गेला नाही हे तिला तुमच्या तोंडून कळायला हवं. नागपूरचा कागद येण्याआधी सांगा. कागदात वाईट आलं तर ती पुन्हा स्वतःलाच धरून बसेल.

लोभ ठेवा म्हणत नाही. आईवर ठेवा.

समीक्षा


दिग्रस
४ जानेवारी २०२४

चि. समीक्षास,

तीनदा तोंड उघडलं. एकदा ती तूर निवडत होती, एकदा देवानंद वाण्याचं पोरगं दारात आलं, एकदा कोणीच नव्हतं. बोलणं झालं नाई. भर गाडीत साठ माणसाइले आवाज देणारा माणूस मी. तुह्या नागपूरच्या कागदाची वाट पाहून राह्यलो. माह्याच्यानं सांगणं झालं नाई तर तू मले माफ करशीन का, ते सांगू नको.

बाबा


आर्णी
१३ जानेवारी २०२४

लाडके समीक्षा,
आईचा तुले जयभीम, आन् पोटातल्या पाव्हण्यालेबी.

वर गावाचं नाव पाहून दचकली असशीन. तुह्या मामाच्या वसरीत बसून लिहून राह्यली. चौथी शिकलेली हाय, चुका काढू नको, मास्तरीणबाई.

पाचव्या तारखेले तुह्या बाबानं पत्र्याची पेटी माह्यासमोर आणून ठेवली. तुहे सगळे पत्र त्यात होते, आन् त्याइनं तुले लिहलेल्याच्या कच्च्या नकलाबी. मले म्हणे वाच, आन् आपण स्टँडवर जाऊन बसले. मी सकाळी बसली ते दुपारपर्यंत वाचत होती. मोठे शब्द दोनदा वाचले.

तुले वाटन मी रडली. नाई रडली. मले पह्यले राग आला. इतका राग, की स्वयंपाक केला नाई. सव्वीस वर्षं झाले लोकाइच्या पोराइचे लग्नं झाले, नातवं झाले, आन् मी अजूक त्या ट्रकातच बसून होती, राजदीपच्या अंगावर पदर ओढत. एक घोंगडं नेलं असतं तर, असं रोज वाटे. ते संध्याकाळी आले, दारात उभे राह्यले, आत येईनात. मी म्हणलं, स्टँडवर जेवून आले का, आज चूल पेटली नाई. मंग त्याइनं भात लावला. खाली लागला. दोघाइनं तसाच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी मीच म्हणलं, मले दवाखान्यात न्या, माहंबी रक्त पाहू द्या. परवा त्याचा कागद भेटला आन् परवाच तुहा फोन आला. बाळाले पूर्ण आजार नाई, हाफ हाय, हे तू सांगतलं. तुह्या बाबाले सांगावं तर त्याइले ऐकू येईना. मी कानाशी जाऊन ओरडली, वाहक हाय, वाहक. तीनदा ओरडली तवा कळलं. मंग पायरीवर बसून लहान पोरासारखे रडले. बाजूची प्रेरणा धावत आली आन् विचारे, काकू, कोणाले एसटीत नोकरी लागली का. मी म्हणलं, हाव, आमच्या घरी पिढीजात हाय.

आज सकाळी ते म्हणे, चाल, आर्णीले जाऊ. मी कोणतं लुगडं घालू विचारलं नाई, होती त्याच लुगड्यावर निघाली. गाडीत कंडक्टर पोरगी होती. बायाइले आता हाफ तिकीट, तवा तिनं माहं हाफ फाडलं. त्याइच्याजवळ रिटायरचा पास होता, तरी त्याइनं काढला नाई. पैसे देऊन फुल तिकीट घेतलं. मी दोन्ही तिकिटं हातात धरून पाह्यले आन् म्हणलं, सव्वीस वर्षं फुल तिकीट माह्या एकटीच्या नावावर होतं. आजपासून हाफ माहं, बाकीचं तुमचं. त्याइनं उठून खिडकीची जागा मले देल्ली.

मामा दारात उभा होता. म्हातारा झाला, मी ओळखलं नाई. ते दोघं आता आवारात बसून एकाच बिडीच्या बंडलातून वढून राह्यले. तुह्या मामीनं भाकरी टाकल्या हाय.

बाळ झालं की त्याचं कार्ड आपण काचेत लावू. त्याले कळता कळता सांगू, काय हाय ते, म्हणजे ते लग्नाच्या येळेले विचारन. जावयाले आन् तुह्या सासूले, लीलाबाईले, जयभीम. माया पोटात ठेव, पत्रात मावत नाई.

तुही आई
मथुराबाई
वाहक, वय छप्पन्न